खोकल्याची नोंद

सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात एक थट्टा बरीच वर्षे चालत आली होती. "हवालदारांच्या आळीत कोंबडा पाळायची गरजच नाही," असे लोक म्हणत. कारण पहाटे चारच्या सुमारास हवालदारांच्या ओसरीवरून पहिला ठसका ऐकू येई आणि मग अर्धा तास तो खोकला थांबत नसे. म्हातारी माणसे त्यावरच उठत, धारा काढणारे त्यावरच गोठ्यात जात.

घरात मात्र ही थट्टा कुणी करीत नसे. पहिल्या ठसक्याबरोबर माई उठत, पाणी कोमट करीत आणि तांब्या नवऱ्याच्या हातात देऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत बसत. धुराचा त्रास नको म्हणून त्यांनी घरातली चूल केव्हाच बंद केली होती. देवापुढची उदबत्तीसुद्धा त्या अंगणात तुळशीपाशी लावीत. घरातल्या घरात जेवढे करता येईल तेवढे त्या करीत होत्या. त्यापलीकडे काही करता येईल, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

हवालदार चोवीस वर्षे फौजेत नोकरी करून २००५ साली घरी आले होते. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. अंगावर एकही जखम नव्हती. हातपाय धड होते, नजर चांगली होती. शेजारच्या गावातल्या एका जवानाचा पाय सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. तो कुबड्या घेऊन आला की लोक उठून जागा देत. आबा मात्र शाळेच्या चार पायऱ्या चढून भिंतीला टेकले की लोक म्हणत, "दमेकरी माणूस. फौजेत टिकला तरी कसा?" कुणी हळूच पुस्ती जोडी, "बिडीचा प्रताप, दुसरं काय!"

वाईट गोष्ट ही, की आबांना स्वतःलाही ते खरे वाटत असे. भरती झाल्यावर पहिली तीन-चार वर्षे त्यांनी बिडी ओढली होती. थोरला मुलगा झाला तेव्हा सोडली, ती पुन्हा कधी हातात धरली नाही. पण छाती भरून आली की त्यांना त्या बिड्याच आठवत. आपल्या कर्माचे आपण भोगतो आहोत, असे समजून ते गप्प बसत.

ट्रंकेतला कागद

हा कागद बाहेर आला तो अगदी योगायोगाने. नातवाच्या शाळेच्या प्रवेशासाठी माजी सैनिकाच्या कुटुंबाचा दाखला हवा होता. त्यासाठी आबांचे डिस्चार्ज बुक शोधायला धाकट्या सुनेने माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढली. सून बी. कॉम. झालेली, तालुक्याच्या पतसंस्थेत कामाला होती. कागद दिसला की तो पूर्ण वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, ही तिची सवय.

डिस्चार्ज बुकाच्या खाली एक घडी घातलेला इंग्रजी कागद होता. निवृत्तीच्या वेळी झालेल्या मेडिकल बोर्डाचा. त्यात आजाराचे नाव होते क्रॉनिक ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांची जुनाट सूज. अपंगत्व तीस टक्के. आणि त्यापुढे एकच ओळ होती : हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही.

"आबा, हे काय आहे?" तिने विचारले.

"काही नाही, पोरी. घरी येताना तपासतात सगळ्यांना. आजार तुमचा तुम्हीच आणलाय, असं लिहिलंय त्यात," आबा म्हणाले.

"असं कुठं लिहिलंय? आणि हा आजार नोकरीमुळे नाही, हे कशावरून ठरवलं? कारण काहीच दिलेलं नाही."

आबांनी उत्तर दिले नाही. अकरा वर्षांपूर्वी सही करताना त्यांनीही ते विचारले नव्हते. घरी जायची घाई होती, गाडीचे आरक्षण झाले होते आणि साहेबांपुढे प्रश्न विचारायची सवय नव्हती.

दाखल्यासाठी सून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेली तेव्हा तिने तो कागदही बरोबर नेला. तिथे आपल्याच कामासाठी आलेले एक निवृत्त सुभेदार बाकावर बसले होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाले, "ताई, हा कागद इतकी वर्षं दाबून का ठेवलात? एका ओळीनं तुमच्या सासऱ्यांची डिसेबिलिटी पेन्शन अडलीय. पण ही ओळ म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही. हिच्यावर अपील करता येतं."

कायदा काय सांगतो?

फौजेतून बाहेर पडणाऱ्या सैनिकाला नेहमीचे निवृत्तिवेतन मिळते, हे सर्वांना माहीत असते. डिसेबिलिटी पेन्शनची मात्र फारशी माहिती नसते. तिच्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात. एक, अपंगत्व किमान वीस टक्के असावे. दोन, ते सैनिकी सेवेमुळे झालेले असावे किंवा सेवेमुळे वाढलेले असावे. या 'किंवा'ला फार महत्त्व आहे. आजाराचे मूळ नोकरीत नसले, पण नोकरीतल्या परिस्थितीने तो बळावला असेल, तरी हक्क पोहोचतो.

गोळी लागली, पाय गेला, तर प्रश्न सरळ असतो. जखमेला तारीख असते, जागा असते, साक्षीदार असतात. श्वासाच्या आजाराचे तसे नसते. तो एका दिवसात होत नाही. सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने कफासह खोकला राहिला, तर वैद्यकशास्त्र त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणते. त्याची कारणेही अनेक असतात. तंबाखू हे त्यातले मोठे कारण आहेच, पण धूर, धूळ, वारंवार होणारा छातीचा संसर्ग हीदेखील कारणे आहेत. मग यातले किती नोकरीचे आणि किती माणसाचे, हे कसे ठरवायचे?

या प्रश्नाचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला होता. १९८२ च्या पात्रता नियमांना रोगांच्या याद्या जोडलेल्या आहेत. त्यातली पहिलीच यादी हवामानाचा परिणाम होणाऱ्या रोगांची आहे आणि क्षय, न्यूमोनिया, हिमदंश यांच्याबरोबर तिच्यात ब्राँकायटिसचे नाव आहे. त्याच नियमांनी सैनिकाला संशयाचा फायदा द्यावा, असेही सांगितले होते. तरीही अनेकांच्या कागदांवर ती एक ओळ उमटत राहिली.

२ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. तो खटला फेफऱ्याच्या आजाराचा होता, पण त्यातली तत्त्वे सर्वच आजारांना लागू पडतात. न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो माणूस धडधाकट होता असे मानायचे. पुढे आजारामुळे त्याला बाहेर पडावे लागले, तर प्रकृती सेवेमुळेच बिघडली असे गृहीत धरायचे. आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही, ती सरकारवर आहे. आणि हा आजार भरतीच्या वेळी ओळखता आला नसता, असे बोर्डाचे मत असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लिहिलीच पाहिजेत.

पुढच्या वर्षी, १० डिसेंबर २०१४ रोजी, राम अवतार यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची जी सवलत आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळत होती, ती नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळेल. म्हणजे वीस किंवा तीस टक्के अपंगत्व असेल, तर ते पन्नास टक्के धरायचे. सहाव्या वेतन आयोगापासून शंभर टक्के अपंगत्वासाठी पगाराच्या तीस टक्के रक्कम धरली जाते. त्या हिशेबाने पन्नास टक्क्यांना पंधरा टक्के. लहान शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही. औषधाचा खर्च आणि वर नातवाची वह्यापुस्तके त्यात निघतात.

"भीक नको"

सुनेने हे सगळे रात्री जेवणानंतर सांगितले. थोरला मुलगा पुण्याहून आला होता, धाकटाही होता. सगळ्यांना वाटले, आबा आनंदित होतील. पण त्यांनी ताट बाजूला सारले.

"ज्या पलटणीचं मीठ खाल्लं, तिच्यावर आता कोर्टात जायचं? मला भीक नको. पेन्शन येतीय तेवढी पुरे."

मुले गप्प झाली. बोलल्या त्या माई. एरवी मुलांसमोर नवऱ्याला त्या उलटून बोलत नसत.

"अहो, भीक कसली? भरतीला गेलात तेव्हा छाती फुगवून दाखवलीत ना? मापून घेतली होती ना त्यांनी? ती धड छाती तुम्ही तिकडं दिलीत. ती काही परत मागत नाही आपण. दिली होती, एवढं तरी लिहून मागू."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आबांनी मनातली खरी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मी बिडी ओढलीय. तीन-चार वर्षं ओढलीय. त्यांनी विचारलं तर काय तोंड दाखवू?"

ही भीती अगदीच निराधार नव्हती. दारू, तंबाखू यांच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई मिळत नाही, असे नियमच सांगतात. माई क्षणभर गोंधळल्या. इतकी वर्षे त्यांनीही खोकल्याचा राग त्या बिडीवरच काढला होता. पण सून म्हणाली, "विचारलं तर सांगायचं, आबा. जेवढी ओढली तेवढीच सांगायची. कमी नको आणि जास्तही नको. तुम्ही मात्र मनातल्या मनात त्या चार वर्षांवर चोवीस वर्षांचं ओझं टाकून बसलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी अर्जावर सही केली.

जुने कागद बोलू लागले

पहिले काम होते कागद मिळवण्याचे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली सुनेने रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज केला. भरतीच्या वेळची तपासणी, रुग्णालयात दाखल केल्याच्या नोंदी, मेडिकल बोर्डाचे संपूर्ण कामकाज आणि कुठे कुठे नेमणूक झाली त्याची यादी, अशा चार गोष्टी तिने मागितल्या. काही आठवड्यांनी जाडजूड पाकीट आले.

पहिला कागद भरतीचा होता. सैन्यभरतीत छाती किमान ७७ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर ती ५ सेंटिमीटर वाढावी लागते, हे माप गावोगावच्या पोरांना पाठ असते. आबांची छाती त्यापेक्षा चांगली भरली होती. फुप्फुसांपुढे लिहिले होते : निरोगी. कुठलाही आजार नाही. नातवाच्या वाढदिवसाची मेणबत्ती एका फुंकरीत ज्यांना विझवता येत नव्हती, त्या आबांनी तो कागद दोनदा वाचून घेतला.

दुसरा कागद रुग्णालयाचा होता. लडाखमधल्या उंच चौकीवरचा दुसरा हिवाळा. ताप, छातीत कफ, श्वास लागणे म्हणून दाखल. पंधरा दिवसांनी परत चौकीवर. तारीख ऐकून आबांना ते दिवस आठवले. बर्फात पुरलेली छोटी खोली, वाऱ्यामुळे घट्ट बंद केलेले दार आणि आत रात्रंदिवस जळणारी रॉकेलची शेगडी. ती विझली तर थंडीने मरायचे आणि जळत राहिली तर काजळी गिळायची. सकाळी थुंकी काळी पडे. त्याला कुणी आजार म्हणत नसे. सगळ्यांचीच थुंकी काळी पडे.

त्यानंतर राजस्थानातल्या धुळीत दोनदा छाती भरली होती. पुढे त्यांची वैद्यकीय श्रेणी खाली आणली गेली आणि उंचीवर पाठवू नये, असा शेरा मारला गेला. उंचीवरच्या हवेने या माणसाची छाती बिघडते, हे फौजेच्या डॉक्टरांनीच लिहून ठेवले होते. आणि निवृत्तीच्या वेळी कागदावर ओळ आली, की सेवेशी संबंध नाही. बिडीचा उल्लेख तर कुठेच नव्हता. ज्या आरोपाला घाबरून आबा अकरा वर्षे गप्प बसले, तो आरोप कागदावर कुणी केलाच नव्हता.

त्या रात्री माईंनी ते कागद देवघरात नेऊन ठेवले. त्या एवढेच म्हणाल्या, "मी उगाचच तुम्हाला बिडीवरून बोलले हो इतकी वर्षं."

तारखा

पहिले अपील खात्याकडेच करायचे असते. त्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि आबांना अकरा वर्षे झाली होती. उत्तर आले ते नकाराचे. त्यातही तीच ओळ होती, फक्त कागद नवा होता. आबा म्हणाले, "झालं समाधान?" सून म्हणाली, "नाही. आता न्यायाधिकरण."

फौजेतल्या माणसांना पूर्वी अशा तक्रारींसाठी उच्च न्यायालयात जावे लागे. २००७ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. मुख्य पीठ दिल्लीला असले, तरी मुंबईसह इतर शहरांत त्याची पीठे आहेत. २०१६ साली आबांचा अर्ज मुंबईच्या पीठापुढे दाखल झाला.

उशिराचे काय, हा प्रश्न होताच. पण पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून ती न मिळण्याचा अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो, असे न्यायालये मानतात. त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मात्र थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. २००८ सालच्या तरसेम सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा स्पष्ट केली आहे. वकिलांनी हे सांगितले तेव्हा माईंनी बोटांवर मोजले. २००५ ते २०१३. आठ वर्षांचे पैसे लाजेत गेले होते.

तारखा पडत राहिल्या. एकदा आबा स्वतः मुंबईला गेले. रात्रीच्या एसटीने प्रवास, पहाटे दादरच्या फलाटावर खोकल्याची उबळ, पाठीवर सुनेचा हात. आपल्याला उभे करून खडसावून विचारतील, अशी त्यांची समजूत होती. तसे काहीच झाले नाही. अर्जात वकिलांनी बिडीची ती चार वर्षे आबांच्याच आग्रहावरून एका ओळीत लिहिली होती. तीवर थोडी चर्चा झाली. पण मुख्य प्रश्न दोनच होते. भरतीच्या वेळी आजार होता का? नव्हता, तर सेवेशी संबंध नाही असे म्हणण्याचे कारण बोर्डाने कुठे दिले आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' होते. दुसऱ्याचे उत्तर कागदावर कुठेच नव्हते.

काही महिन्यांनी निकाल लागला. आजार सैनिकी सेवेमुळे वाढला, असे न्यायाधिकरणाने मानले. तीस टक्के अपंगत्व पन्नास टक्के धरून पेन्शन द्यावी आणि अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपासूनची थकबाकी द्यावी, असा आदेश झाला.

इतरांसाठी दोन शब्द

आबांचा दावा मान्य झाला, म्हणजे प्रत्येकाचा होतोच असे नाही. अपंगत्व वीस टक्क्यांपेक्षा कमी असेल, आजार भरतीआधीचा असल्याची नोंद असेल, बोर्डाने सबळ कारणे दिली असतील किंवा तंबाखूचा अतिरेक कागदोपत्री असेल, तर दावा फेटाळलाही जातो. नियमही बदलले आहेत. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले असून त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांना आपला दावा त्या नियमांत तपासून घ्यावा लागतो.

हा प्रश्न आपल्याच देशातला आहे असेही नाही. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकेच्या छावण्यांजवळ कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई. त्या धुरात राहिलेल्या सैनिकांना घरी आल्यावर आपला खोकला आणि तो धूर यांचा संबंध सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. शेवटी १० ऑगस्ट २०२२ रोजी तिथे कायदा झाला आणि त्या भागात सेवा केलेल्या सैनिकांच्या बाबतीत क्रॉनिक ब्राँकायटिससारखे काही आजार सेवेमुळेच झाले असे गृहीत धरले जाऊ लागले. श्वासाचा आजार स्वतःहून साक्ष देत नाही, हे तिथेही मान्य करावे लागले.

म्हणून घरात फौजी माणूस असेल तर काही गोष्टी घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. मेडिकल बोर्डाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, समजला नाही तर विचारावा आणि त्याची प्रत मागावी. रुग्णालयातून सुटी मिळाल्याचा प्रत्येक कागद, मग तो साध्या तापाचा का असेना, जपून ठेवावा. नकाराचे पत्र आले तर त्यावरची तारीख पाहावी आणि सहा महिन्यांच्या आत अपील करावे. उशीर झाला असेल तरी निराश होऊ नये, पण आणखी उशीरही करू नये. सैनिक हयात नसेल, तर त्याच्या पत्नीलाही दावा पुढे चालवता येतो. विचारपूस करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आणि तंबाखू सुरू असेल तर ती आजच सोडावी. ती दाव्याच्या आड येते आणि श्वासाच्या तर येतेच येते.

ओसरीवरची सकाळ

निकालाने आबांचा खोकला बरा झाला नाही. झिजलेली छाती कुठल्याही आदेशाने भरून येत नाही. पहाटे चारला तो ठसका अजून ऐकू येतो, माई अजून पाणी कोमट करतात. थकबाकीच्या पैशांतून घराच्या मागच्या बाजूला एक मोठी खिडकी काढली, म्हणजे रात्री हवा खेळती राहते. वाफ घेण्याचे यंत्र आणले. उरलेले नातवाच्या नावावर ठेवले.

बदलले ते दुसरेच काही. निकाल आला त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला आबा शाळेत गेले. पायऱ्यांवर थांबले, भिंतीला टेकले. एका पोराने नातवाला विचारले, "तुझे आजोबा एवढे का दमतात रे?"

नातू म्हणाला, "सीमेवर बर्फात होते ना, तिथं लागलंय त्यांना. सरकारनं लिहून दिलंय तसं."

आबांनी ते ऐकले. काही न बोलता ते उरलेल्या दोन पायऱ्या चढले आणि झेंड्यापुढे ताठ उभे राहिले.

आता रविवारी सकाळी त्या ओसरीवर चार माणसे जमतात. कुणी निवृत्त नाईक असतो, कुणी शेजारच्या गावातली वीरपत्नी. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी पडलेले कागद असतात. सून एकेक कागद वाचून मराठीत सांगते आणि आबा खोकत खोकत विचारतात, "भरतीचा कागद आणलाय का? नाही? मग आधी तो काढा. आपण जाताना कसे गेलो होतो, ते त्यात लिहिलेलं असतं."